हुरडा खाता खाता इराक कसा सोडवावा

परक्या फौजेने दुसऱ्याचा देश ताब्यात का घेतला आणि त्याचं पुढे काय झालं, या विषयाला सोलापुरात जानेवारीत बहर येतो. आगटीत गोवऱ्या फुलल्या, शेंगाचटणीची वाटी फिरायला लागली, की कुणीतरी बगदादला, म्हणजे 2003 मध्ये अमेरिकेने ताब्यात घेतलेल्या इराकला, पोचतोच. परवा मोहोळकडच्या एका शेतात हा प्रसाद मला पोटभर मिळाला. पुढच्या हंगामात तुमच्यावर वेळ आली तर तुम्ही कमी पडू नये, म्हणून या चार सूचना. मोजू नका, जास्तही निघतील.

सुरुवात हेतूपासून करा. हेतू ठरवायला वाचन लागत नाही. तुम्ही 'तेल' म्हणा, समोरचा 'लोकशाही' म्हणेल, आणि मग कणसं संपेपर्यंत हेच दोन शब्द आलटून पालटून एकमेकांच्या अंगावर टाकत बसा. एखाद्या कॉलेजच्या पोराने "पण सद्दामकडे महाविनाशाची शस्त्रं आहेत असं म्हणत होते, त्यांचं काय?" असं विचारलं तर "अरे, ते निमित्त होतं" म्हणून हसा. खरंच निमित्त होतं. 5 फेब्रुवारी 2003 ला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांनी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेत 'पुरावे' मांडले, 20 मार्चला हल्ला सुरू झाला, आणि पुढच्या जानेवारीत, शस्त्रं शोधायला ज्यांना पाठवलं होतं त्या डेव्हिड के यांनी अमेरिकन सिनेटच्या समितीपुढे सांगितलं की आपलं जवळपास सगळ्यांचंच चुकलं. झालं. तोवर देश हातात आलेला होता. यात हसण्यासारखं नेमकं काय आहे, हे त्या पोराने विचारायच्या आत त्याला दही आणायला पाठवा.

मुलगा ह्यूस्टनला असेल तर कुठल्याच पुराव्याची गरज नाही.

अडलात की आवाज खाली आणून 'जिओपॉलिटिक्स' म्हणा.

मेलेल्यांचा विषय निघाला तर कणीस चोळायला घ्या. सगळ्यात सावधपणे मोजणारेही सामान्य नागरिकांचा आकडा लाखाच्या वर नेतात, आणि एवढा आकडा तोंडात हुरडा असताना उच्चारता येत नाही.

आता हुकमी वाक्य. हे पाठच करा: "फौज होती म्हणून बरं, नाहीतर ते लोक एकमेकांना खाऊन टाकतील. त्यांची मेंटॅलिटीच तशी." या एका वाक्यात हेतूही येतो, परिणामही येतो आणि दोष ज्याच्या घरात घुसले त्याच्यावर जातो. परवा ते मी एका काकांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलं की शेवटी आगटीतला धूर बरा वाटायला लागला.

फक्त हे वाक्य म्हणताना काही गोष्टी माहीत नसलेल्या बऱ्या. बगदाद पडल्यावर एप्रिल 2003 मध्ये राष्ट्रीय संग्रहालय लुटलं जात होतं, तेव्हा अमेरिकन फौजेचा पहारा होता तो तेल मंत्रालयावर. मे महिन्यात इराक चालवायला अमेरिकेने नेमलेले प्रशासक पॉल ब्रेमर आले. त्यांनी दोन हुकूम काढले. पहिल्याने सद्दामच्या बाथ पक्षाचे वरचे लोक सरकारी नोकऱ्यांतून बाहेर, म्हणजे शाळा-दवाखान्यांतलेही. दुसऱ्याने, 23 मे ला, अख्खं सैन्य बरखास्त. लाखो माणसं एका कागदावर घरी. अहो, गिरणीचा भोंगा बंद झाला की चाळीत काय होतं ते सोलापूरकराला शिकवायला पाहिजे का? इथल्या माणसाने हातगाडी लावली, रिक्षा धरली, विड्या वळणाऱ्या बायकोच्या मजुरीवर दिवस काढले. तिथल्या माणसाकडे बंदूक होती आणि ती चालवण्याचंच शिक्षण होतं. पुढे 2006 ला सामर्‍याच्या शियांच्या पवित्र मशिदीत स्फोट झाला, मोहल्ले शिया-सुन्नी असे पंथांप्रमाणे फाटले. 2014 ला ज्यांनी मोसुल घेतलं त्या 'इस्लामिक स्टेट'च्या म्होरक्यांत सद्दामचे जुने लष्करी अधिकारी होते. आणि 2007 मध्ये बगदादच्या निसूर चौकात ब्लॅकवॉटर नावाच्या खाजगी अमेरिकन कंपनीच्या पहारेकऱ्यांनी 17 नागरिक मारले; ज्यांना त्यासाठी शिक्षा झाली त्यांना 2020 मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफी दिली. ही कुणाची मेंटॅलिटी, काका?

तरीही गाडी पुढे न्यायची असेल तर शेवटचा पत्ता टाका: "तेव्हा आपणही सैन्य पाठवायला हवं होतं, जगात वजन वाढलं असतं." अमेरिकेकडून तशी मागणी आली होती हे खरं. 14 जुलै 2003 ला वाजपेयी सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नाही म्हणून, नकार कळवला. पण आपण तिथे गेलोच नव्हतो असं कुणी सांगितलं? पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी तिकडे धाडलेल्या डिव्हिजनचं नावच 'पुणे' होतं, तिच्यात मराठा पलटणी होत्या. इराकमधल्याच कुत गावी तुर्कांच्या वेढ्यात अडकून, उपाशी राहून एप्रिल 1916 मध्ये तिला शरण जावं लागलं. तेरा हजारांवर लोक कैद झाले, त्यात बहुतेक हिंदुस्थानी, आणि कितीतरी परत आलेच नाहीत. त्यांचं वजन कुणाच्या खात्यात जमा झालं? पुढच्या वर्षी बगदाद घेतल्यावर इंग्रजांच्या जनरल मॉडने जाहीरनामा काढला की आम्ही विजेते म्हणून नाही, मुक्तिदाते म्हणून आलो आहोत. 1920 ला त्या मुक्त झालेल्यांनी उठाव केला तेव्हा मुक्तिदात्यांनी वरून विमानांतून बॉम्ब टाकले. 2003 ची भाषणं नवी वाटली असतील तर ती आपण जुनी वाचली नाहीत म्हणून.

आता सूचना बस झाल्या. मला जे बोलायचंय ते सरळ बोलतो.

तो दिवस 12 जानेवारीचा होता. हे काका सकाळी चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांना हार घालून, फोटो काढून मग शेतावर आले होते. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 1931 मध्ये याच तारखेला येरवड्यात फाशी. का? मे 1930 मध्ये गांधींच्या अटकेनंतर या शहरावर गोळीबार झाला, सरकारी अंमल पळाला, थोडे दिवस लोकांनीच शहर सांभाळलं, आणि 12 मे पासून 30 जूनपर्यंत इथे मार्शल लॉ लागला. आपल्याच रस्त्यांवर गोरे सोजीर, हातात झेंडा दिसला तरी गुन्हा. आणि कारण काय दिलं? शहर दंगलखोर आहे, फौजेशिवाय आवरणार नाही. तुमच्याच वाक्याचं भावंड, काका. फक्त तेव्हा 'ते लोक' म्हणजे आपण होतो, तुमचे आजोबा होते.

सद्दाम चांगला होता असं मी म्हणत नाही. माणसं गॅसने मारणाऱ्याची बाजू कोण घेईल? पण त्याला हटवायला आलेल्यांनी देश किती वर्षं कसा चालवला याचा हिशोब मागायचा तर तेवढी लाज हवी, आणि निदान महिनाभर वाचायची तयारी हवी. तुमच्याकडे दोन्ही नाही. गूळ संपला तर तुम्हाला राग येतो, इराकमधलं फल्लुजा शहर 2004 मध्ये दोनदा का भाजलं गेलं हे सांगू लागलो तर तुम्ही घड्याळ बघता. ऐकायचं नसेल तर नका ऐकू, पण मग निवाडेही देऊ नका.