मार्गदर्शक व्हा, पण फॉर्मच्या तारखांपासून लांब राहा

तुम्ही रिटायर झालाय किंवा होताय, मुलगा बेंगलोरला, मुलगी न्यू जर्सीला, सकाळचं फिरणं आणि पोहे झाले की दुपारच्या जेवणापर्यंत करायला काही नाही, आणि अशात कुणीतरी म्हणालंय की काका, तुमचा एवढा अनुभव, समाजातल्या एखाद्या होतकरू मुलाला हाताशी धरा ना, नववीपासून ते नोकरी लागेपर्यंत. लगेच हो म्हणा. ऐकायला दहा वर्षांचं काम वाटतं, पण पद्धतशीर केलं तर वर्षाला दोन तास पुरतात आणि त्यातला एक फोटोत जातो. आपल्या इंदूरच्या मराठी माणसांनी ही कला फार वरच्या थराला नेऊन ठेवलीय. रामबागेत जा, लोकमान्यनगरात जा, सुदामानगरात जा, दर तिसऱ्या ओटल्यावर कुणीतरी कुणाला तरी घडवून मोकळा झालेला भेटेल. घडलेला मात्र सहसा भेटत नाही, तो पुण्याला असतो.

पोरगा निवडताना घाई नको, इथे चुकलात तर पुढची दहा वर्षं भोगाल. ज्याच्या घरात आधीच दोन इंजिनियर आहेत, जो कोचिंगला जातोच आहे, ज्याला आठवीत ९४ टक्के पडलेत असा बघा. तो तसाही कुठेतरी लागणारच आहे, तुम्ही फक्त शेजारी उभं राहायचं. ज्याचे वडील दुसऱ्याच्या दुकानात हिशेब लिहितात, आई डबे करते, घरात एकच स्मार्टफोन आणि तोही वडलांच्या खिशात, आणि कॉलेजची पायरी घरात कुणी चढलेलं नाही, त्याच्या वाटेला जाऊ नका. का, तर त्याला खरंच गरज असते यार. तो प्रश्न विचारतो. सेमिस्टर म्हणजे काय, कौन्सिलिंगला कुणाशी बोलायचं असतं, सीट मिळाली आणि फी भरायला पैसे नसले तर काय होतं. असल्या प्रश्नांची उत्तरं शोधावी लागतात, चार ठिकाणी फोन करावे लागतात, सकाळचं फिरणं बुडतं.

आणि सुरुवात नववीतच करा, आठवीत नको. आठवीत भेटलात तर ती एनएमएमएसची, म्हणजे केंद्राच्या स्कॉलरशिपची, परीक्षा आडवी येते. सरकारी नाहीतर अनुदानित शाळेतल्या, घरचं उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असलेल्या मुलांसाठी ती असते, निवड झाली की नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये. आठवीत भेटलात तर हे तुम्हाला सांगावं लागेल, फॉर्म भरला का ते विचारावं लागेल. नववीत भेटलात की नुसतं हळहळता येतं, "अरे, मला आधी भेटायला हवं होतंस."

पहिली भेट छप्पन दुकानवर ठेवा. त्याला पोहे-जिलबी घ्या, पैसे देताना पाकीट जरा सावकाश उघडा. मग विचारा, "काय मग, पुढे काय व्हायचंय?" तो तोंड उघडेल तेवढ्यात तुम्ही तुमची गोष्ट सुरू करा. कंदील, फाटकी चप्पल, राजवाड्यापासून पायी, काय असेल ते. आमच्या वेळी इंजिनियरिंगला राज्याची पीईटी परीक्षा होती आणि जीएसआयटीएस कॉलेजला नंबर लागला म्हणजे लागला, हे वाक्य यायलाच हवं. पीईटी आता राहिलेली नाही, तिच्या जागी देशभराची जेईई मेन आहे आणि ती वर्षातून दोनदा होते, हा तपशील तुमच्या गोष्टीत कुठे बसत नाही, तेव्हा सोडून द्या. दीड तासात तो चार वेळा "हो काका" म्हणाला की समजा नातं जुळलं. त्याला चित्र काढायला आवडतं का, तो घरातला मिक्सर स्वतः दुरुस्त करतो का, रात्री झोपतो कधी, हे कळायची गरज नाही. कळलं तर सल्ला द्यायला त्रास होतो.

दहावीनंतर मॅथ्स का बायो एवढाच प्रश्न असतो, तो तुम्ही पोराच्या वडलांशी बोलून मिटवा. कॉमर्स म्हणजे कमी मार्क, आर्ट्स म्हणजे घरात काहीतरी झालंय, आणि पॉलिटेक्निक हा शब्द आपल्याकडे लग्नकार्यात हळू आवाजात बोलतात. दहावीनंतर डिप्लोमा केला की पुढे लॅटरल एंट्रीने डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं, मधेच नोकरीही धरता येते, ज्या घराला पैसा लवकर यायला हवाय त्यांच्यासाठी हा चांगला रस्ता आहे, पण तो सुचवलात तर लोक म्हणतील एवढे मोठे मार्गदर्शक आणि पोराला पॉलिटेक्निकला घातलं? इज्जतीचा सवाल आहे. त्यापेक्षा त्याला भंवरकुआंला न्या, तिथले कोचिंगवाल्यांचे फ्लेक्स दाखवा, सगळे टॉपर हसताना दिसतात. म्हणा, "पुढच्या वर्षी इथे तुझा फोटो." मग घरी सोडा आणि कोचिंगच्या फीचा विषय निघायच्या आत गाडीला किक मारा.

मुलीला मार्गदर्शन करायचं असेल तर ते तिच्या बाबांना करा. ती चहा घेऊन येईलच.

आता बारावी. हे वर्ष अवघड, आणि इथे चांगले चांगले मार्गदर्शक फसतात, कारण पोरगा अभ्यास स्वतःच करत असतो, अडतो तो कागदांवर. म्हणून जानेवारी ते जुलै तुम्ही गावाला जा. न्यू जर्सी असेल तर उत्तम, तिथे आपल्याकडचे कामाचे तास म्हणजे रात्र असते. इथे राहिलात तर तो पोरगा प्लास्टिकची फाइल घेऊन दारात येणार. त्यात आधारवर त्याचं नाव आपल्या पद्धतीने, वडलांचं नाव मधे घालून. मार्कशीटवर वडलांचं नाव वेगळ्या रकान्यात, मधे काहीच नाही. राज्य सरकारच्या समग्र आयडीत आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, कारण ते भरलं ज्याने त्याला "क्षीरसागर" ऐकू आलं तसं आलं. तिन्ही जुळवायला लोकसेवा केंद्र, एमपी ऑनलाईनचा कियॉस्क, मोती तबेल्याला कलेक्टर ऑफिस, परत कियॉस्क. ज्याच्या घरात कुणी ह्यातून गेलेलं नाही त्याला हे माहीत नसतं की नावाची भानगड अकरावीतच सोडवून ठेवायची असते. तुम्हाला माहीत असतं, तुमच्या मुलाच्या वेळी तुम्हीच केलंय. गप्प बसा.

दाखल्यांचं तर त्याहून भारी. आयआयटी-एनआयटीच्या कौन्सिलिंगला, म्हणजे सीटवाटपाला, ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल) नाहीतर ओबीसी नॉन-क्रिमी लेयरचा दाखला त्याच वर्षीच्या १ एप्रिलनंतर काढलेला लागतो, आणि तोही केंद्राच्या नमुन्यात. आता हुशार पोरगा काय करतो, तो शहाणपणाने आधीच, मार्चमधेच काढून ठेवतो, लॅमिनेटसुद्धा करतो. तुम्ही फाइल बघता, म्हणता वा, किती टापटीप आहे पोरगा. तारखेकडे बघायचं नाही. तारखेकडे बघितलं की सांगावं लागतं, सांगितलं की परत लोकसेवा केंद्राला त्याच्याबरोबर जावं लागतं, कारण वडलांना सुट्टी मिळत नाही. न बघितलं तर जूनमधे त्याला जनरलमधे टाकतात, आणि तेव्हा तुम्ही म्हणू शकता की सिस्टिमच तशी आहे भिया. हे वाक्य तोंडपाठ ठेवा, फार ठिकाणी लागतं.

तसंच ते मेधावी विद्यार्थी योजनेचं. बारावीला एमपी बोर्डात ७० टक्के किंवा सीबीएसईत ८५ असले, उत्पन्नाची अट बसली, आणि इंजिनियरिंगसाठी जेईईत दीड लाखाच्या आत रँक असली, की फी राज्य सरकार भरतं. केंद्राचीही एक स्कॉलरशिप आहे, डिग्रीच्या पहिल्या तीन वर्षांना वर्षाला १२,०००. २०२२ पासून सीयूईटी ही प्रवेश परीक्षा आलीय, सेंट्रल युनिव्हर्सिट्या तिच्यावर घेतात, आपल्या देवी अहिल्या विद्यापीठानेही काही कोर्ससाठी ती धरलीय, म्हणजे पोराला इथे राहूनही कोर्स मिळतो आणि बनारस-हैदराबादचं दारही उघडतं. हे सगळं एका संध्याकाळी एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवता येतं, शेवटच्या तारखांसकट. एवढा कागद लिहिलात तर तुमच्या आयुष्यभराच्या भाषणांपेक्षा तो जास्त कामाचा ठरेल, आणि त्याच्यावर तुमचं नावसुद्धा नसेल. म्हणून लिहू नका.

काही लोकांना हे जमत नाही, त्यांचं काय होतं ते सांगतो. १९८१ साली न्यूयॉर्कला यूजीन लँग नावाचा एक श्रीमंत गृहस्थ आपल्या जुन्या शाळेत, ईस्ट हार्लेममधे, भाषणाला गेला. समोर सहावीची ६१ मुलं. आपल्याकडच्या पाहुण्यासारखं जिद्द, चिकाटी बोलून शाल घेऊन निघायचं की नाही, पण ह्याने तिथेच सांगितलं की तुम्ही शाळा पुरी करा, कॉलेजची फी मी भरतो. बरं, एवढ्यावरही थांबता आलं असतं, फोटो झाला होता, पेपरात आलं असतं. पण मग त्याच्या लक्षात आलं की नुसत्या पैशाच्या आश्वासनावर पोरं सहा वर्षं टिकत नाहीत, म्हणून मुलांच्या मागे फिरायला एक पूर्णवेळ माणूस ठेवला, स्वतः मुलांना भेटत राहिला, शाळा सुटेल असं वाटलं की घरी निरोप. बरीच मुलं शाळा पुरी करून कॉलेजला गेली. किती वेळ गेला असेल माणसाचा.

त्याच अमेरिकेत २००२ मधे ग्रॉसमन आणि ऱ्होड्स ह्या दोन बायांनी तपासून बघितलं की मोठा माणूस आणि मूल ही जोडी किती टिकली म्हणजे काय होतं. वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली तिथे मुलांना सगळ्यात जास्त फायदा, आणि पहिल्या काही महिन्यांतच जी तुटली तिथे मुलांना स्वतःबद्दल आधीपेक्षा कमीच वाटायला लागलं. म्हणजे अर्धवट सोडण्यापेक्षा न धरलेलं बरं. आपण ह्यातून योग्य तो बोध घेऊ, आपण सोडतही नाही आणि धरतही नाही, दिवाळीला मेसेज टाकतो.

पोरगा कॉलेजला लागला की तुमचं निम्मं काम संपलं. पुण्याला गेला असेल तर पुण्यातल्या भाच्याचा नंबर द्या, भाचा उचलत नाही, पण नंबर दिला ना. पहिल्या सेमला त्याला गणितात बॅक लागेल, हिंदी मीडियममधून गेला असेल तर इंग्रजीतलं लेक्चर डोक्यावरून जाईल, होस्टेलमधे सगळे त्याच्यापेक्षा हुशार दिसतील, आणि एका रात्री तो फोन करेल. करेल म्हणजे मिस्ड कॉल देईल, कारण त्याला वाटतं काका बिझी असतील. इथे मन घट्ट ठेवा. परत फोन लावलात तर तो सांगेल की मला घरी यायचंय, आणि मग तासभर ऐकावं लागेल, आणि वाईट म्हणजे तुमच्या स्वतःच्या पहिल्या वर्षाला तुम्ही किती विषयांत नापास होतात तेही सांगावंसं वाटेल. तुमच्या गोष्टीत ते आजवर कुठे आलेलं नाही. त्यापेक्षा सकाळी सूर्योदयाचा फोटो पाठवा, त्यावर "अपयश ही यशाची पहिली पायरी". निळी टिक आली की समजा पोरगा समजून गेला.

नोकरीचं फार सोपं. बायोडाटा मागवून घ्या, उघडू नका, "बघतो" म्हणा. आठ महिन्यांनी त्याने विचारलं तर सांगा की सुपर कॉरिडॉरला टीसीएस आहे, इन्फोसिस आहे, एखाद्या दिवशी चक्कर टाकून ये. तुमच्या जुन्या ऑफिसातला ज्युनियर आज एखाद्या कंपनीत भरतीचं बघत असेल, त्याला दोन ओळींचा मेसेज करणं शक्य आहे, पण उद्या तोही तुमच्याकडे काहीतरी मागेल. आणि पोरगा पीएससीच्या मागे लागलेला असेल तर प्रत्येक निकालाला "अजून एक अटेम्प्ट दे" म्हणा. वय त्याचं जातंय.

लागली नोकरी की मात्र एक मिनिट दवडू नका. पेढे यायच्या आत ग्रुपवर टाका, "माझ्या हाताखाली घडलेला", आणि पॅकेज किती ते आवर्जून लिहा. मंडळाच्या गुणगौरवात तुमचा सत्कार ठरेलच. पोराला बोलवा, पण आधी एक चौकशी करून ठेवा, कारण ह्यांच्यातले काही बिघडतात. तो मार्चचा दाखला लॅमिनेट करणारा असतो ना, तो नोकरीला लागल्यावर सुट्टी काढून गल्लीतल्या बारावीच्या पोरीबरोबर मोती तबेल्याच्या लायनीत उभा राहतो, तिच्या फॉर्मच्या तारखा स्वतःच्या फोनवर अलार्म लावून ठेवतो, रात्री साडेअकराला तिचा फोन उचलतो. असा निघाला तर त्याला स्टेजवर दुसऱ्या रांगेत बसवा, नारळ द्या, पेन द्या, आणि माईक काही झालं तरी त्याच्या हातात जाऊ देऊ नका.