केप बायरनला गाडीने नको, पायी जा

ऑस्ट्रेलियातल्या केप बायरन या भूशिरावरच्या एका लेखात लेखकाने थेट तिथल्या दीपगृहापर्यंत गाडी नेल्याचं वाचलं आणि हळहळलो. अहो, खरी मजा खालून चढण्यात आहे! पूर्ण फेरी जेमतेम ३.७ किलोमीटरची. वॅटेगोस किनाऱ्यानंतरच्या पायऱ्या मात्र घाम काढतात. माझी आई (वय ६८) दर वीस पायऱ्यांनी थांबायची, पदराने वारा घ्यायची. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीचं पूर्व टोक दाखवणाऱ्या पाटीपाशी ती टेकली, तोच खाली पाण्याचा फवारा उडाला. हंपबॅक देवमासा! मग आई तासभर हलेचना. १९०१ सालचं ते पांढरंशुभ्र दीपगृह तिने जाताजाता पाहिलं. आणि हो, बायरन हे नाव इंग्रज कवी लॉर्ड बायरनचं नव्हे, त्याच्या दर्यावर्दी आजोबांचं. कॅप्टन कुकने १७७० मध्ये दिलेलं.