‘वायफायचं कार्ड काढून घेतलं’ या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार मॅडम,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: लॅपटॉपला एसएसडी बसवून उबंटू (विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स सिस्टिम) 22.04 चं 24.04 करायला दिलं. गारगोटीला घरी नेल्यावर वायफाय गायब. फोनवर सांगितलेला उपाय चालला नाही. परत एसटीने कोल्हापूरला आलात, तर ‘कार्ड गेलंय’ म्हणून 450 रुपयांचा बाहेरून लावायचा वायफाय डोंगल गळ्यात मारला, वर ‘विंडोजच टाका’ असा सल्ला मिळाला. आणि चांगलं कार्ड आम्हीच काढून घेतलं असणार.

कार्ड काढून घेतल्याचं सोडलं, तर बाकी सगळं खरं आहे.

झालं काय ते सांगतो. तुमच्या लॅपटॉपचं वायफाय कार्ड ब्रॉडकॉमचं आहे, बीसीएम 43142. इंटेलच्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारा प्रोग्राम, कर्नलमध्येच, म्हणजे उबंटूच्या गाभ्यातच येतो. या कार्डाचा येत नाही, तो बाहेरून टाकावा लागतो आणि कर्नल बदलला की त्या कर्नलसाठी नव्याने बांधावा लागतो. कंपनीने 2015 नंतर त्यात हात घातलेला नाही, उबंटूवाले ठिगळं लावून चालवतात. त्यामुळे 22.04 च्या 5.15 कर्नलवरून 24.04 च्या 6.8 वर जाताना आम्हाला धास्ती होती ती इथेच. पण ते काम नीट झालं. दुकानात 6.8 वर वायफाय चालू होतं, मी स्वतः बघितलं.

घोळ त्यानंतर झाला. लॅपटॉपची तारीख दर वेळी मागे जात होती, म्हणून सीमॉसचा सेल बदलला. सेल बदलल्यावर आमच्या पोराने बायॉसमध्ये, म्हणजे लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन तारीख लावली आणि सवयीने ‘लोड डिफॉल्ट्स’ दाबलं, म्हणजे सगळी सेटिंग कंपनीची झाली. तुमच्याकडे सिक्युअर बूट, म्हणजे सुरू होताना सही तपासायची सोय, आधीपासून बंद होतं, ते त्यासरशी चालू झालं. उबंटू तरीही सुरळीत सुरू होतं. लॉगिनचा पडदा दिसला, त्याने लॅपटॉप बंद करून पिशवीत घातला. वायफाय परत बघितलं नाही.

सिक्युअर बूट चालू असलं की कर्नल ओळखीच्या सहीशिवाय ड्रायव्हर आत घेत नाही. सातबारा बरोबर आहे, पण तलाठ्याची सही नाही म्हणून काम अडावं, तसं. फोनवर तुम्हाला ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना कर्नल निवडा’ सांगितलं. एरवी हा उपाय चांगला आहे, पण इथे उपयोग शून्य, कारण सहीची अट जुन्या कर्नललाही तीच.

दुसऱ्यांदा आलात तेव्हा मी एका लग्नात होतो. पोराने स्क्रीनचा फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवला होता. त्यात स्वच्छ लिहिलंय, ‘की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस’, म्हणजे सही नाकारली. ही ओळ बघितली की दुखणं कार्डाचं नाही हे कळतं. मी फोटो रात्री साडेदहाला उघडला आणि तुम्हाला फोन केला नाही. डोंगल दिलाच आहे, आता काय घाई, असं वाटलं. ही चूक पोराची नाही, माझी आहे.

आता कार्डाबद्दल. त्याच फोटोत वर कार्डाचा नंबर दिसतोय, 14ई4:4365. लॅपटॉप घेतला त्या दिवशीच्या जॉबशीटवरही हाच नंबर आहे, त्याची एक प्रत तुमच्याकडे आहे. मेलेलं किंवा काढलेलं कार्ड असं हजेरी देत नाही. तरी शंका असेल तर तुमच्यासमोर मागचं झाकण उघडतो. आणि खरं सांगू का, फक्त 2.4 गिगाहर्ट्झवर चालणारं हे जुनं कार्ड आम्हाला फुकट दिलं तरी ठेवायला जागा नाही.

दुरुस्तीसाठी तिसरी फेरी नको. व्हिडिओ कॉलवर पंधरा मिनिटांत होईल, इंटरनेटसाठी डोंगल लावलेला राहू दे. मी सांगतो ती एक कमांड द्यायची, एक तात्पुरता पासवर्ड ठरवायचा आणि रीस्टार्ट करायचं. निळा पडदा येईल. तो दहाच सेकंद थांबतो, तेवढ्यात कुठलंही बटण दाबा. मग ‘एनरोल मॉक’ (म्हणजे ड्रायव्हरची सही नोंदवा) निवडून तोच पासवर्ड टाकायचा. एकदा ही सही नोंदवली की पुढच्या कर्नलला परत नोंदवावी लागत नाही. सिक्युअर बूट नुसतं बंद केलं तरी वायफाय येईल, पण तुम्ही त्यावर बँकेचं काम करता म्हणालात, म्हणून चालू ठेवलेलं बरं.

डोंगलचे 450 आणि मजुरीचे 600 परत करतो. एसएसडी आणि सेलचे पैसे मात्र ठेवतोय, तो माल तुमच्याकडे आहे. दुसऱ्या फेरीचं एसटीचं भाडंही कळवा. डोंगल परत पाठवायची गरज नाही.

‘विंडोजच टाका’ हे बोलायला नको होतं. पोराला सांगितलंय. लिनक्स येत नसेल तर ‘मला येत नाही, मालक आल्यावर बघतील’ असं म्हणायचं.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. जॉबशीटवरच्या नंबरवर संध्याकाळी सातनंतर कधीही फोन करा, सोमवारी दुकान बंद असतं पण फोन चालू असतो.