सुपरमॅन हरला? कधी बुवा?

पालकांच्या गटांतून सध्या एक ढकलसंदेश फिरतोय. मजकूर साधारण असा : 'दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सरकारने मुलांना सुपरमॅनच्या नादातून सोडवण्यासाठी "ट्रू कॉमिक्स" नावाचं मासिक काढलं. त्यात फक्त सत्य छापत. मुलांनी सुपरहिरो टाकून दिले. आपली अमर चित्र कथा ही त्याचीच नक्कल. आपल्या मुलांनाही हेच द्या, बाकीची कॉमिक्स रद्दीत घाला.' खाली जोडलेले दोन हात.

ट्रू कॉमिक्स खरंच होतं आणि मला ते मनापासून आवडतं. म्हणून तर त्याच्या नावावर खपवलेलं हे वाचून राहवलं नाही.

'सरकारने काढलं.' सरकारचा काय संबंध? ते काढलं 'पेरेंट्स मॅगझीन' या खासगी मासिकाच्या जॉर्ज हेक्ट यांनी. पहिला अंक एप्रिल १९४१ चा. पर्ल हार्बरवर हल्ला झाला त्याच वर्षी डिसेंबरात; म्हणजे अंक निघाला तेव्हा अमेरिका युद्धात उतरलीही नव्हती. खरी ठिणगी वर्षभर आधी पडली होती. मे १९४० मध्ये 'शिकागो डेली न्यूज'मध्ये स्टर्लिंग नॉर्थ यांनी कॉमिक्सवर जळजळीत लेख लिहिला. कॉमिक्स हे विष, त्यावरचा उतारा वाचनालयात आणि चांगल्या पुस्तकांच्या दुकानात आहे, आणि तो मुलांना न देणारे आईबाप गुन्हेगार, असा त्यांचा सूर. पालक हादरले. हेक्ट यांनी मात्र नॉर्थ यांचा उतारा घेतला नाही. मुलं कॉमिक्स सोडणार नाहीत हे ओळखून त्यांनी कॉमिक्सच काढलं, दहा सेंटचं. पालकांच्या धास्तीचा सुरेख धंदा केला म्हणा हवं तर. मला त्यात काही वावगं दिसत नाही.

'मुलांनी सुपरहिरो टाकून दिले.' पहिला अंक ३ लाखांच्या घरात खपला आणि हातोहात संपला, हे कौतुकाचंच. पण त्याच सुमारास 'सुपरमॅन'चा एकेक अंक १० लाखांच्या वर जात होता. युद्धानंतर बरेच सुपरहिरो बंद पडले हे खरं. पण मुलं तिथून इतिहासाकडे वळली नाहीत, गुन्हेकथा आणि भयकथांकडे वळली. यातली गंमत अशी की १९४२ पासून निघणारं 'क्राइम डज नॉट पे' हे दरोडे-खुनांचं कॉमिकही 'सत्यकथा' म्हणूनच विकलं जायचं. 'खरं' या शिक्क्यावर सज्जनांचा मक्ता नव्हता. आणि बायबल, अमेरिकेचा इतिहास असल्या चित्रकथा काढणारी मॅक्स गेन्स यांची 'एज्युकेशनल कॉमिक्स' ही कंपनी? १९४७ मध्ये ते बोटीच्या अपघातात गेले, कंपनी मुलाच्या हाती आली, 'एज्युकेशनल'चं 'एंटरटेनिंग' झालं आणि त्याच घरातून 'टेल्स फ्रॉम द क्रिप्ट' या भयकथांच्या कॉमिकमधली मढी उठली.

आता 'फक्त सत्य'. इथे जरा थांबू या, कारण संदेशातली खरी गफलत इथे आहे.

पहिल्या अंकाच्या मुखपृष्ठावर कोण होतं? विन्स्टन चर्चिल. 'जगातला पहिल्या क्रमांकाचा हिरो' म्हणून! हिटलरसमोर ब्रिटन एकटं उभं असताना अमेरिकन मुलाला ते पटलं असेल, त्याला मी नावं ठेवत नाही. पण त्याच १९४१ च्या ऑगस्टमध्ये चर्चिल आणि अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांची अटलांटिक सनद आली. आपलं सरकार कोणतं असावं हे लोकांनीच ठरवावं, असं तिच्यात लिहिलेलं. सप्टेंबरात हेच चर्चिल संसदेत उभं राहून सांगतात की ती हिंदुस्थानला तशी लागू नाही. पुढच्या वर्षी 'चले जाव'च्या वेळी गोवालिया टँकवर काय झालं, त्याच्या पुढच्या वर्षी बंगालच्या दुष्काळात काय झालं, ते आपल्या आजोबांच्या पिढीने पाहिलं. तो अंक तेव्हा गिरगावातल्या एखाद्या पोराच्या हाती पडला असता, तर त्याने पहिल्या पानावरच विचारलं असतं, 'हा कुणाचा हिरो?' मासिक खोटं बोललं, असं माझं म्हणणं नाही. काय सांगायचं आणि काय वगळायचं हे कुणीतरी ठरवत होतं, एवढंच.

पण याच मासिकाने ताठ कणाही दाखवला, आणि ते तर संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नाही. कोलंबिया विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ रूथ बेनेडिक्ट आणि जीन वेल्टफिश यांनी १९४३ मध्ये वंशांविषयी एक छोटी पुस्तिका लिहिली. कोणताही वंश जन्माने श्रेष्ठ नसतो, असं साध्या भाषेत सांगणारी. तिच्यात पहिल्या महायुद्धातल्या सैनिकांच्या बुद्धिचाचण्यांचे आकडे होते. उत्तरेतल्या काही राज्यांतल्या काळ्या सैनिकांचे गुण दक्षिणेतल्या काही राज्यांतल्या गोऱ्या सैनिकांपेक्षा जास्त. दक्षिणेतल्याच केंटकी राज्याच्या एका काँग्रेस (अमेरिकी संसद) सदस्याला हे झोंबलं, आणि १९४४ मध्ये सैन्यातलं तिचं वाटप थांबलं. त्याच वर्षी ट्रू कॉमिक्सने त्याच पुस्तिकेच्या आधारे मुलांसाठी चित्रकथा छापली, 'श्रेष्ठ वंश असं काही नसतं' अशा अर्थाच्या मथळ्याची. जे सैनिकांच्या हाती देणं सरकारला जड गेलं, ते दहा सेंटमध्ये पोरांना मिळालं. आणि म्हणे सरकारने काढलं!

राहिली अमर चित्र कथा. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईत सुरू केलेल्या या मालिकेचं नातं जोडायचंच, तर ते कादंबऱ्यांच्या चित्ररूपांची मालिका असलेल्या 'क्लासिक्स इलस्ट्रेटेड'शी जुळतं. तिचे पहिले दहा क्रमांक तर परदेशी परीकथांचे. 'कृष्ण' अकराव्या क्रमांकावर आला. त्यात 'ट्रू' काय शोधायचं!

आणि त्या विजयी मासिकाचं पुढे काय झालं? १९५० मध्ये ८४ व्या अंकावर ते थांबलं. शेवटचे पाच अंक तर स्टॉलवर गेलेच नाहीत, नुसते वर्गणीदारांच्या घरी टपालाने गेले. स्टॉलवर तेव्हा सुपरमॅन होताच.