हितसंबंध नाहीत, असे नम्रपणे जाहीर करतो

शोधनिबंध लिहून झाला, संदर्भसूची लावून झाली, की शेवटी एक ओळ उरते : ‘लेखकांचे कोणतेही हितसंबंध यात गुंतलेले नाहीत.’ ही ओळ लिहिताना अनेक होतकरू संशोधकांचा हात उगाच अडखळतो. त्यांच्या सोयीसाठी या क्षेत्रातील थोरामोठ्यांची वहिवाट येथे सांगत आहे.

प्रथम हे ध्यानात घ्यावे की आपले हितसंबंध आहेत की नाहीत, हे ठरवण्याचा अधिकार सर्वस्वी आपलाच असतो. जर्नल विचारते, आपण सांगतो, जर्नल छापते. पासबुक कोणी मागत नाही. गृहकर्जासाठी तीन वर्षांची विवरणपत्रे मागणाऱ्या जगात एवढा विश्वास अन्यत्र मिळणे अवघड.

पैसे कोणाकडून आणि कसे घ्यावेत, यासाठी अमेरिकेतील साखर उद्योगाचा आदर्श समोर ठेवावा. (आपल्याकडचे साखरसम्राट मतदारसंघातच रमतात, यांची नजर वैद्यकशास्त्रावर होती.) तेथील ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ने 1960च्या दशकात साडेसहा हजार डॉलर देऊन हार्वर्डच्या संशोधकांकडून आहार आणि हृदयविकार यांवर आढावा लेख लिहून घेतला, त्यासाठी विचारात घ्यायचे निबंध स्वतःच पुरवले, कच्चे खर्डे वाचायला मागवले आणि आपल्या मनात अगदी हेच होते, असे समाधानाचे पत्रही धाडले. 1967 मध्ये हा लेख ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दोन भागांत प्रसिद्ध झाला. दोष स्निग्ध पदार्थांच्या पदरात पडला, साखर सोवळ्यात राहिली, आणि लेखकांना इतरत्र मिळालेल्या मदतीचा उल्लेख असूनही या फाउंडेशनचे नाव तेवढे राहून गेले. त्या जर्नलने हितसंबंधांची विचारणा सुरू केली ती 1984 मध्ये, त्यामुळे नियम मोडला असेही म्हणता येत नाही. पत्रव्यवहार उजेडात यायला 2016 साल उजाडले. तोवर लेखक हयात नव्हते. एवढा लांबचा पल्ला सर्वांना साधेल असे नाही, परंतु पत्रे वेळीच जाळावीत, एवढा बोध घ्यायला हरकत नाही.

नियम आल्यानंतरच्या काळात विस्मरणाचा मोठा आधार आहे. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राचे मुख्य वैद्यकीय अधिकारी होझे बासेल्गा यांना औषध कंपन्यांकडून लक्षावधी डॉलर मिळाले होते, पण त्यांच्या अनेक निबंधांत त्याचा उल्लेख नव्हता. 2018 मध्ये पत्रकारांनी हा हिशेब मांडला, तेव्हा त्यांनी हे हेतुपुरस्सर घडले नसल्याचे सांगून राजीनामा दिला. विशेष म्हणजे ते स्वतः एका कर्करोगविषयक जर्नलचे संपादक होते. संशोधकाची स्मरणशक्ती मुळात चोखंदळच असते : विसाव्या वर्षी मिळालेले उत्तेजनार्थ पारितोषिक बायोडेटात तारखेसह आठवते, सल्लागार म्हणून मिळालेले मानधन मात्र काही केल्या आठवत नाही.

निबंध छापण्यापूर्वी तो तपासणाऱ्या परीक्षकांची नावे सुचवा, असे अनेक जर्नल लेखकालाच सांगतात. उंदराला मांजर साक्ष हवी, तर मांजर परके कशाला? दक्षिण कोरियातील एका संशोधकाने परीक्षक म्हणून असे ईमेल पत्ते दिले की अभिप्राय मागणारी पत्रे फिरून त्याच्याकडे किंवा त्याच्या सहकाऱ्यांकडेच यावीत. 2012 मध्ये तो पकडला गेला, कारण अभिप्राय चोवीस तासांत परत येत होते, आणि इतका तत्पर परीक्षक कोणत्याही संपादकाने पाहिलेला नसतो. आपण निदान सहा आठवडे दम धरावा, मधे एकदा स्मरणपत्र येऊ द्यावे, आणि अभिप्रायात एखादी किरकोळ दुरुस्ती आवर्जून सुचवावी.

याहून पुढची पायरी म्हणजे जर्नलच आपले असणे. मर्क या औषध कंपनीच्या पैशातून एल्सव्हिएर या प्रकाशनसंस्थेने ऑस्ट्रेलियात हाडे व सांध्यांविषयीचे एक नियतकालिक काढले होते. दिसायला ते रीतसर जर्नल होते, आत मर्कच्या औषधांना अनुकूल मजकूर होता, आणि प्रायोजकाचे नाव कोठेच नव्हते. आपल्या महाविद्यालयांतून संपादक, प्राचार्य आणि पहिल्या लेखाचे लेखक एकच असतात, त्याला आपण स्वावलंबन म्हणतो.

तरीही बिंग फुटलेच, तर घाबरू नये. अँड्र्यू वेकफील्ड या ब्रिटिश डॉक्टरांचा लस आणि स्वमग्नता यांचा संबंध सुचवणारा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय जर्नलने फेब्रुवारी 1998 मध्ये छापला. लस कंपन्यांवर दावा लावू पाहणाऱ्या वकिलांकडून त्यांना पैसे मिळत होते, हे पत्रकार ब्रायन डीअर यांनी 2004 मध्ये उघड केले. संपूर्ण निबंध मागे घेतला गेला तो फेब्रुवारी 2010 मध्ये. त्याच वर्षी लेखकाची वैद्यकीय नोंदणी रद्द झाली हे खरे, परंतु मधे बारा वर्षे मिळाली. तेवढ्या अवधीत आपल्याकडे सहयोगी प्राध्यापकाचा प्राध्यापक होतो, दैव बलवत्तर असेल तर कुलगुरूही होतो, आणि कुलगुरूंच्या जुन्या निबंधांची चौकशी करायचीच झाली, तर तिची समिती तेच नेमतात.