पेपर गाइडमधून निघत नाही, ताई

ताईच्या मानेवाड्याच्या सोसायटीच्या ग्रुपवरून फिरत फिरत तो मेसेज माझ्याकडे आला, खाली ताईचा प्रश्न: "खरं आहे का गं हे?" मेसेज म्हणतो, दहावीत ९० च्या वर जायचं तर पाठ्यपुस्तक कपाटात टाका, फक्त गाइड आणि अपेक्षित प्रश्नसंच पाठ करा. बोर्डाचा पेपर त्यातूनच निघतो. उत्तर शब्दाला शब्द जुळलं नाही तर गुण कापतात. मागच्या वर्षीचं गाइड चालत नाही. आणि ताईनं ते मनावर घेतलंय, हा खरा वैताग.

पेपर त्यातूनच निघतो म्हणे. अहो, गाइडमध्ये पुस्तकातल्या प्रत्येक स्वाध्यायाचं उत्तर असतं, वर मावतील तेवढे जादा प्रश्न. लॉटरीची सगळीच तिकिटं घेतली तर एक लागणारच, त्यात भाकीत कसलं? २०१९ आठवा. दहावीची नवी पुस्तकं आदल्या वर्षी आली होती, आणि भाषा नि सामाजिक शास्त्रांचे शाळेच्या हातातले २० गुण काढून घेतले होते. राज्याचा निकाल ८९.४१ टक्क्यांवरून ७७.१० वर आला. आपला नागपूर विभाग ६७.२७ टक्क्यांवर, राज्यात सगळ्यात खाली. पुढच्या वर्षी ते २० गुण परत आले आणि निकाल थेट ९५.३० वर गेला. गाइडं तिन्ही वर्षी दुकानात होतीच की! त्यांच्यातूनच पेपर निघत होता तर २०१९ ला त्यांनी काऊन नाही वाचवलं?

पण माझं डोकं फिरलं ते "शब्दाला शब्द" वर. रविवारी ताईकडे गेले होते. भाचीचं भूगोलाचं पुस्तक इतकं कोरं की उघडताना पानं करकरली. गाइड मात्र फुगलेलं, तीन रंगांच्या हायलायटरनं माखलेलं. विचारलं, ॲमेझॉन खोऱ्यात लोकवस्ती विरळ का? पोरीनं डोळे मिटून एका दमात चार मुद्दे म्हटले: घनदाट वर्षावनं, रोगट दमट हवा, वाहतुकीच्या अपुऱ्या सोयी, साधनसंपत्ती वापरण्यावर मर्यादा. स्वल्पविरामासकट. मग म्हटलं, बरं, गडचिरोलीत वस्ती विरळ का? २०११ च्या जनगणनेत तिथे एका चौरस किलोमीटरला ७४ माणसं, आपल्या नागपूर जिल्ह्यात ४७०.

"मावशी, ते सिलॅबसला नाही."

जंगल, रस्ते, तिच्या चारपैकी निदान दोन मुद्दे तर तिथं जसेच्या तसे लागू होतात! ब्राझील पाठ आहे आणि शेजारचा जिल्हा कळत नाही. पुस्तकात भारत आणि ब्राझील शेजारी शेजारी ठेवलेत ते तुलना करायला. नकाशा बघा, आलेख वाचा, मग सांगा. गाइडनं तो नकाशाच गाळून खाली उत्तर छापलंय. आणि गुण म्हणाल तर भूगोलाच्या उत्तराला मुद्द्यांवर मिळतात. पेपर तपासणारा काही स्वल्पविराम मोजत बसत नाही.

आता एक कबूल करते, नाइलाजानं. पुस्तकात तयार उत्तरं नसतात हे खरं आहे. गणिताच्या पुस्तकात मागे उत्तरसूची आहे, पण गणित अडलं कुठे ते ती सांगत नाही. घरात शिकवणारं कुणी नसेल, ट्यूशनचे पैसे नसतील, तर गाइड आधार असतो. मीही दहावीला वापरलं होतं, शेवटच्या महिन्यात, सराव पेपरांसाठी. पुस्तक वाचून झाल्यावर.

मागच्या वर्षीचं चालत नाही? पुस्तक तेच, मग गाइडात बदललं काय, मुखपृष्ठ? बर्डीच्या बाजारातून जुनं आणा, खुशाल. पाठ्यपुस्तक तर बालभारतीच्या साइटवरून फुकट उतरवता येतं.

राहिला मेसेजचा शेवट, जो ताईनं वाचलाच नव्हता. "सवलतीत संपूर्ण संच मिळेल" आणि खाली दुकानाचा फोन नंबर.