स्टोमा बंद झाल्यावर उपाशी राहू नका: एका फॉरवर्डला उत्तर

स्टोमा म्हणजे मल पिशवीत पडावा म्हणून पोटावर काढलेलं आतड्याचं रंध्र. तो बंद करायची तारीख ठरली की एक फॉरवर्ड हमखास येऊन पडतं. मला ते तिघांनी पाठवलं, तिघांनीही मायेनेच. मजकूर साधारण असा: आतडं जोडलं की आठ दिवसांत पोट पहिल्यासारखं होतं, महिनाभर फक्त पातळ घ्यावं, घन अन्नाने आतले टाके तुटतात, जेवढं कमी खाल-प्याल तेवढ्या संडासच्या फेऱ्या कमी, तंतुमय पदार्थ कायमचे बंद, जुलाब थांबवायच्या गोळ्यांनी आतडं आळशी होतं, आणि तीन महिन्यांत जम बसला नाही तर ऑपरेशन फसलं असं समजावं.

माझी इलिओस्टॉमी, म्हणजे लहान आतड्याचा स्टोमा, बंद झाली तेव्हा यातल्या ‘कमी खा, कमी प्या’ या ओळीवर मी विश्वास ठेवला होता. दहाव्या दिवशी अंघोळ करून उठले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. त्यामुळे त्या ओळीबद्दल जरा जास्तच बोलणार आहे.

“आठ दिवसांत पोट पहिल्यासारखं.”

आठ दिवसांत वरची जखम भरायला लागते, एवढंच खरं. लूप इलिओस्टॉमी (आतड्याचा वेढा बाहेर काढून केलेला स्टोमा) बंद करणं तसं छोटं ऑपरेशन. बहुतेकदा पोट नव्याने न उघडता रंध्राच्या जागेतूनच ते करतात आणि थोड्याच दिवसांत घरी सोडतात. म्हणून पोटही तितक्याच झटपट सावरेल असं वाटतं. पण रंध्राच्या पुढचं आतडं कित्येक महिने बिनकामाचं पडून असतं. तिथून अन्न गेलेलं नसतं, स्नायूंची सवय मोडलेली असते, आतल्या अस्तराला बऱ्याचदा सूज असते. या सुजेला १९८१पासून वैद्यकात स्वतंत्र नावही आहे: डायव्हर्शन कोलायटिस.

त्यात कोणाचं काय काढलंय यावर पुष्कळ अवलंबून. ज्यांचं मलाशय शाबूत आहे त्यांची गाडी सहसा लवकर रुळावर येते. कॅन्सरसाठी मलाशय काढून मोठं आतडं खाली जोडलं असेल, तर मल साठवायची जागाच गेलेली असते. मग जरासा मल खाली उतरला तरी कळ येते, जाऊन आलं की पाच मिनिटांत पुन्हा जावं लागतं, आणि येतोय तो वायू की आणखी काही, याचा भरवसा राहत नाही. पहिल्या काही आठवड्यांत दिवसाला दहा-पंधरा फेऱ्या होणं हे त्रासाचं आहे, पण जगावेगळं नाही. मेसेज वाचून बसलेला माणूस मात्र नवव्या दिवशी हादरतो.

“घन अन्नाने टाके तुटतात.”

ही भीती मला कळते. आत शिवण आहे, वरून काही जड पडलं तर ती उसवेल, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. पण ज्यांनी पिशवी वापरली आहे त्यांनी स्वतःलाच विचारावं: पिशवी रिकामी करताना काय दिसायचं? नीट चावून खाल्लेला भात भात म्हणून बाहेर यायचा का? लहान आतड्याच्या शेवटापर्यंत येईतो खाल्लेल्याची पातळ लापशी झालेली असते. जोडाला भेटते ती लापशी, ताटातला घास नव्हे. आणि आपण काहीच खाल्लं नाही तरी लाळ, जठररस, पित्त, स्वादुपिंडाचा रस वाहतच असतात. जेवत्याखात्या माणसात हे रस दिवसाला सात-आठ लिटर भरतात. उपास करून जोडाला विश्रांती मिळते ही कल्पनाच मुळात चुकीची.

जोड सुटण्याचा धोका खरा आहे. त्यामागे कमी रक्तपुरवठा, जोडावरचा ताण, धूम्रपान आणि कुपोषण अशी कारणं असतात. म्हणजे ज्या उपायाने टाके वाचवायचे म्हणून हा मेसेज सांगतो, त्यानेच भरून येण्याची ताकद कमी होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर वजनाच्या दर किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिनं दिवसाला लागतात, असा आहारशास्त्राचा साधारण हिशेब आहे. साठ किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा आजार असेल तर हा आकडा डॉक्टरांना विचारूनच ठरवायचा. फळांच्या रसावर आणि पातळ सुपावर ही गरज भागत नाही. उलट गोड रसातली साखर आतड्यात पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते. अंडी, मासे, मऊ शिजवलेलं चिकन, दही, गुठळी न राहील अशी शिजवलेली डाळ, यातलं जे चालत असेल ते थोडं थोडं, दर खाण्यात.

शस्त्रक्रियेनंतर रुग्णाला लवकर खायला देण्याचा आग्रह १९९०च्या दशकात डेन्मार्कचे शल्यविशारद हेन्रिक केलेट यांनी धरला. आता बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी पाणी आणि दुसऱ्या दिवसापासून हलकं अन्न सुरू होतं. कधी आतडं काही दिवस रुसतं, पोट फुगतं, उलटी होते. मग थांबावं लागतं. ते थांबणं डॉक्टर ठरवतात, फॉरवर्ड नव्हे.

मेसेजच्या या ओळीत खऱ्याचा एक कण आहे, तो नाकारत नाही. पहिले चार-सहा आठवडे जोडाजवळ सूज असते आणि वाट अरुंद असते. तिथे मक्याचे दाणे, मशरूम, सुकामेवा, सालं, बिया, धागेदार कच्च्या भाज्या अडकू शकतात. तेवढ्या बाजूला ठेवायच्या, बाकीचं मऊ शिजवून खायचं आणि घास पार पीठ होईपर्यंत चावायचा. दात हे इथलं सर्वांत स्वस्त अवजार आहे.

“कमी खा, कमी प्या, फेऱ्या कमी होतील.”

आता माझी ओळ. हिचा घात असा की पहिले दोन दिवस ती खरी वाटते. मी दुपारचं जेवण सोडलं, पाण्याचे घोट मोजले, आणि फेऱ्या कमी झाल्या. मग बाहेर पडायला लागलं ते हिरवट-पिवळं, झोंबणारं पाणी आणि भरपूर वायू. रिकाम्या आतड्यातही पित्त आणि पाचकरस उतरतात. त्यांना धरून ठेवायला अन्नाचा लगदा नसेल तर ते तसेच खाली येतात आणि कातडी सोलून काढतात. फेरी टळत नाही, फक्त जास्त आग करून जाते.

पाण्याचा हिशेब त्याहून महत्त्वाचा. निरोगी माणसात लहान आतड्यातून मोठ्या आतड्यात रोज साधारण दीड लिटर द्रव येतो आणि मलातून जेमतेम शंभर-दोनशे मिलिलिटर बाहेर पडतो. मधलं सगळं पाणी, आणि त्याबरोबर मीठ, मोठं आतडं परत शोषून घेतं. महिनोन्महिने बसून राहिलेल्या आतड्याला हे काम पुन्हा अंगवळणी पडायला वेळ लागतो. तोवर पातळ शौचावाटे पाणीही जातं आणि सोडियमही. म्हणून नुसतं साधं पाणी ढोसूनही भागत नाही. ओआरएस इथे कामाचं: साखर आणि मीठ एकत्र असले की आतड्याची भिंत दोन्ही एकदम आत ओढते आणि त्यामागून पाणी जातं. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२च्या सूत्रात लिटरला सोडियम ७५ मिलिमोल आहे. पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात ते विरघळवायचं. चवीसाठी साखर वाढवली की सगळं गणित बिघडतं. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर आणि मिठावर मर्यादा असेल तर अर्थातच आधी विचारायचं.

तहान लागण्याची वाट न बघता लघवीवर नजर ठेवावी. गडद आणि थोडी होत असेल तर पाणी कमी पडतंय. मला अंधारी आली त्याच्या आदल्या दिवशी मी दोनदाच लघवीला गेले होते आणि ते मला चांगलं लक्षण वाटलं होतं! एकूणच बाथरूमला जाणं कमी झालं, म्हणून.

फेऱ्यांवर ताबा खाण्याच्या वेळेने मिळवता येतो. पोटात अन्न पडलं की मोठ्या आतड्याला हलायचा इशारा जातो, विशेषतः सकाळी. म्हणून दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा छोटी खाणी ठराविक वेळी घ्यावीत, न्याहारीनंतर तास-दीड तास घरातच काढावा, रात्रीचं जेवण लवकर आणि हलकं ठेवावं. कॉफी, दारू, खूप तेलकट आणि तिखट पदार्थ, साखरेऐवजी सॉर्बिटॉल घातलेल्या गोळ्या-चॉकलेटं ही मंडळी घाई वाढवतात. कोणाला दूध काही आठवडे पचत नाही आणि दही चालतं. एक नवा पदार्थ घ्यायचा, दोन-तीन दिवस बघायचं, वहीत नोंद करायची. एका दिवशी चार नव्या गोष्टी खाल्ल्या तर पोट बिघडल्यावर दोष कोणाला देणार?

“तंतुमय पदार्थ कायमचे बंद.”

सगळे तंतू एका जातीचे नसतात. कोंडा, सालं, पालेभाज्यांचे देठ हे पाण्यात न विरघळणारे तंतू आतड्याला डिवचतात. ते सुरुवातीला नकोत. ओट्स, पिकलेलं केळं, साल काढून शिजवलेलं सफरचंद, इसबगोल यांतले विरघळणारे तंतू पाणी धरून ठेवतात आणि मल बांधून आणतात. भात आणि उकडलेला बटाटाही घट्टपणा आणायला मदत करतात. शिवाय मोठ्या आतड्याच्या अस्तराचं मुख्य खाद्य म्हणजे ब्युटिरेट हे मेदाम्ल, आणि ते तयार होतं जिवाणू तंतू आंबवतात तेव्हा. पिशवीच्या काळात आतडं नेमकं याच अन्नाला मुकलेलं होतं. ते कायमचं तोडा म्हणणारा त्याच आतड्याला दुसऱ्यांदा उपाशी ठेवतोय.

“गोळ्यांनी आतडं आळशी होतं.”

लोपेरामाइड हे जुलाब थांबवायचं औषध आतड्याची हालचाल मंदावतं, त्यामुळे पाणी शोषायला वेळ मिळतो. नेहमीच्या मात्रेत ते मेंदूत जवळपास पोहोचत नाही, त्यामुळे नशा होत नाही. बरेचजण महिनोन्महिने डॉक्टरांच्या देखरेखीखाली ते घेतात, आणि जेवणाआधी साधारण अर्धा तास घेतलं तर उपयोग जास्त होतो. मात्रा मनाने वाढवू नये: फार मोठ्या मात्रेत हृदयाचे ठोके बिघडतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ साली दिला होता. ताप असेल, शौचातून रक्त जात असेल, किंवा प्रतिजैविकांनंतर अचानक दुर्गंधी जुलाब सुरू झाले असतील तर आधी तपासणी, मग गोळी.

“तीन महिन्यांत जम बसला नाही तर ऑपरेशन फसलं.”

मलाशय काढल्यानंतरच्या या त्रासाला लार्स म्हणतात आणि तो मोजायची ० ते ४२ गुणांची प्रश्नावली डेन्मार्कमध्ये २०१२ साली तयार झाली. तीस किंवा त्याहून जास्त गुण म्हणजे त्रास तीव्र. सुधारणा बहुधा पहिल्या वर्षभरात होते, कित्येकांना दोन वर्षांपर्यंत फरक जाणवत राहतो. तीन महिने ही तर सुरुवात. त्यानंतरही ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम, गुदद्वारातून पाणी सोडून आतडं ठराविक वेळी रिकामं करणं, मज्जातंतूला सौम्य विद्युत उत्तेजन असे उपाय आहेत. थोडेजण सगळं करून पाहिल्यावर पुन्हा पिशवी निवडतात. त्यांना फसलेले म्हणणाऱ्याने एक आठवडा त्यांच्या जागी काढून दाखवावा.

मेसेजमध्ये नसलेल्या दोन गोष्टी. कातडी: पुसू नका, कोमट पाण्याने धुऊन टिपून कोरडी करा, आणि झिंक ऑक्साइडचं मलम आग व्हायच्या आधीपासून लावा, सुवासिक ओले वाइप्स टाळा. वजन: पहिले सहा-आठ आठवडे जड उचलू नका, स्टोमाच्या जागी हर्निया होऊ शकतो.

आणि काही वेळा वहीत नोंद करत बसायचं नसतं. पोट फुगून उलट्या होत असतील आणि वायूही सरत नसेल, ताप किंवा वाढत जाणारी पोटदुखी असेल, जखम लाल होऊन पू येत असेल, शौचातून बरंच रक्त जात असेल, उभं राहिल्यावर घेरी येत असेल, तर त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांना फोन करायचा. ते विचारतील: चोवीस तासांत किती वेळा शौच झालं, शेवटची लघवी कधी, पोटात काय टिकलं. मला या तिन्हींतलं एकही सांगता आलं नव्हतं, मी फक्त पाण्याचे घोट मोजले होते.